इंट्रो घेतली नाही तर ज्युनियर मान देतील का?

तू लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते तुला कळेल. तू इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलवर राहतेस. गेल्या वर्षी पहिल्याच महिन्यात रात्री साडेदहानंतर सिनियर मुलींनी तुम्हाला खोलीत बोलावून 'इंट्रो' घेतली. मान खाली, हात मागे, आणि ठरलेल्या साच्यात नाव, गाव, सीईटीचं पर्सेंटाइल. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर तेल लावून दोन वेण्या. अंगाला कोणी हात लावला नाही. फ्रेशर्स पार्टी झाली आणि त्याच मुली तुम्हाला नोट्स द्यायला लागल्या. आता तुमच्या बॅचची पाळी आहे, पुढच्या शुक्रवारची रात्र ठरली आहे. तुला जायचं नाही. रूममेट म्हणते, इंट्रो झाली नाही तर ज्युनियर डोक्यावर बसतील, मेसच्या रांगेत धक्का मारून पुढे जातील. आणि रेक्टरना, म्हणजे होस्टेल सांभाळणाऱ्या मॅडमना, सांगितलंस तर बॅच तुला कायमचं वेगळं टाकेल. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: हे रॅगिंग आहे का, आणि मान मिळवायचा दुसरा काही रस्ता आहे का?

मी इंजिनियरिंग कॉलेजात गणित शिकवते. चौदा वर्षं मुलींच्या होस्टेलची रेक्टर होते, आणि रॅगिंग प्रतिबंध समितीवर अजून आहे. त्यामुळे मी जे सांगेन ते मुलींच्या होस्टेलमधून पाहिलेलं आहे. मुलांच्या होस्टेलवर किंवा मेडिकलच्या निवासी डॉक्टरांमध्ये प्रकार वेगळे असतात, तिथलं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तुझ्या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, तो तू स्पष्ट लिहिला नाहीस: मी गेले नाही तर उरलेली तीन वर्षं या मुलींबरोबर मी राहू कशी? माझ्या मते तुझी झोप त्यानेच उडवली आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देते, पण जास्त वेळ तिसऱ्यावर घालवणार आहे.

पहिल्याचं उत्तर: हो, हे रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यातली व्याख्या मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पालकांना वाचून दाखवायचे, कारण मारहाण झाली तरच रॅगिंग, असं पुष्कळांना वाटतं. कायद्यात शारीरिक इजा आहे तशी मानसिकही आहे. भीती वाटायला लावणं, लाज आणणं, चिडवणं, शिवीगाळ, धमकी हे सगळं आहे. आणि एक भाग असा आहे की विद्यार्थी एरवी स्वतःहून जे करणार नाही ते त्याला करायला सांगणं, हेसुद्धा रॅगिंग. तुमच्या दोन वेण्या थेट त्यात बसतात. कॉलेजच्या आवारात की बाहेर, याने फरक पडत नाही, तेव्हा 'होस्टेलवर नको, कुणाच्या तरी फ्लॅटवर बोलावू' ही युक्ती कामाची नाही. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कॉलेजातून काढलं जातं आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही.

पण मी इतकी वर्षं जे पाहिलं त्यावरून सांगते, रात्री साडेदहाला खोलीत जमलेल्या मुलींना कलम आठवत नाही. आपण रॅगिंग करतोय असं त्यांच्यातल्या एकीलाही वाटत नसतं. त्यांच्या लेखी ती ओळख असते, मजा असते, परंपरा असते. म्हणून मी माझ्यापुरता एक साधा प्रश्न ठरवला होता. समोर उभ्या असलेल्या मुलीला मध्येच उठून जाता येतं का? 'ताई, मला झोप आली, मी जाते' असं म्हणून ती दारातून बाहेर पडली, तर दुसऱ्या दिवशी तिला काहीही भोगावं लागणार नाही, अशी तिची खात्री आहे का? खात्री असेल तर तुम्ही रात्री बारापर्यंत गाणी म्हणा, भेंड्या खेळा, माझी हरकत नाही. नसेल तर नुसतं नाव विचारणंसुद्धा रॅगिंग आहे.

एका प्रकरणात सिनियर मुलगी मला म्हणाली, "मॅडम, त्या स्वतः हसत होत्या." मी विचारलं, "त्यांच्यातली एक हसायची थांबली असती आणि जाते म्हणाली असती, तर?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "थांबवलं असतं."

हसणाऱ्यांमध्ये त्या वर्षी एक मुलगी होती, विदर्भातल्या खेड्यातून आलेली, बारावीपर्यंत गावाजवळच्या कॉलेजात शिकलेली. ती 'पानी' म्हणायची, 'लोनी' म्हणायची. इंट्रोत तिला 'पाणी' आणि 'लोणी' दहा-दहा वेळा म्हणायला लावलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. मी त्या वर्गाला गणित शिकवत होते. पहिल्या युनिट टेस्टला तिचे मार्क वर्गात सगळ्यात चांगले होते आणि शंका विचारण्यात ती पुढे असायची. नंतर तिने वर्गात बोलणं बंद केलं. तास संपला की ती टेबलावर चिठ्ठी ठेवून जायची, शंका लिहिलेली. मला वाटलं, लाजाळू आहे. मेसच्या वहीत रात्रीच्या जेवणाला तिची सही आठवड्यातून दोन-तीन वेळाच दिसायची, तेही मी फार उशिरा पाहिलं. सिनियर मुली त्याच वेळी जेवायला बसत, म्हणून ती खोलीत बिस्किटं खाऊन झोपत होती. हे कळायला मला अख्खं सेमिस्टर लागलं. कोणी तिच्या अंगाला हात लावला नव्हता, हे तिथेही खरं होतं.

म्हणूनच 'नाव, गाव, पर्सेंटाइल' हा साचा मला निरुपद्रवी वाटत नाही. पर्सेंटाइल विचारलं की पुढचा प्रश्न ओठांवर येतोच: "एवढ्यावर इथे कशी? कुठल्या कॅटेगरीतून?" आडनाव, गाव, बोली, वडील काय करतात, फी माफ आहे का, या सगळ्यातून मुलगी पहिल्याच रात्री एका खणात टाकली जाते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २००९ मध्ये रॅगिंगविरोधी नियम केले, आणि २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती करून जात, धर्म, रंग, दिसणं, लिंग, भाषा, प्रदेश, आर्थिक परिस्थिती यांवरून दिलेला शारीरिक किंवा मानसिक त्रास रॅगिंगमध्ये स्पष्टपणे धरला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर मुलीने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकारी महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मी तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्या शुक्रवारचा आणि त्या प्रकरणाचा आकार एक नाही, हे मला कळतं. पण तुझ्या बॅचमेट्सच्या साच्यात पर्सेंटाइल आणि कॅटेगरी असेल, तर ते त्यांनी आजच काढून टाकावं. त्यावर चर्चासुद्धा करायची गरज नाही.

आता तुमच्या बॅचचा सगळ्यात जोरदार मुद्दा. फ्रेशर्सनंतर त्याच मुली नोट्स देतात, आजारपणात रात्री रिक्षा करून दवाखान्यात नेतात, म्हणजे इंट्रोनेच जवळीक येते. हा मुद्दा मी शेकडो वेळा ऐकला आहे, आणि त्यात खरं एवढंच की त्या मुली वाईट नसतात. जी मुलगी ऑक्टोबरमध्ये तुला नोट्स देते, ती ऑगस्टमध्येही देऊ शकली असती. तुला गरज ऑगस्टमध्येच होती. एम-वनचा, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचा, पहिला धडा कळत नव्हता तेव्हा, ड्रॉइंगची पहिली शीट परत आली तेव्हा, दुपारी मेस बंद असताना पोळीभाजी कुठे मिळते ते माहीत नव्हतं तेव्हा. ते दोन महिने तुम्ही त्यांच्यापासून लपत होतात. पुढची मैत्री इंट्रोमुळे झाली नाही, इंट्रो संपल्यामुळे झाली.

आणि इंट्रो घेतं कोण, हेही बघ. शेवटच्या वर्षाच्या मुलींना सहसा त्यात रस नसतो, त्यांचं चित्त प्लेसमेंट आणि प्रोजेक्टकडे असतं. घेतात त्या दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे ज्यांना आदल्या वर्षी उभं राहावं लागलं त्याच. आपण सोसलं ते फुकट गेलं असं वाटू नये, म्हणून ते कुणाकडून तरी वसूल करायचं असतं. मी तुम्हाला क्रूर म्हणत नाही. पण शुक्रवारी खोलीत जाण्याआधी तुझ्या रूममेटने स्वतःला एकदा विचारावं: मला या मुली आवडाव्यात म्हणून मी जातेय, की माझं गेल्या वर्षीचं राहिलेलं येणं वसूल व्हावं म्हणून?

मानाचं बोलते. मराठीत आपल्याकडे मान हा शब्द आहे, धाक आहे, वचक आहे. तीन शब्द आहेत कारण तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंट्रोमधून धाक मिळतो. तो कॉरिडॉरमध्ये तुम्ही समोरून आलात की दिसतो, आणि तुम्ही वळलात की संपतो. ज्युनियर मुली खोलीत गेल्यावर तुमच्या चालण्याच्या, बोलण्याच्या नकला करतात. तुम्हीही गेल्या वर्षी केल्या असतील.

मान कसा मिळतो ते मला एका मुलीने दाखवलं. ती टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला होती, मेकॅनिकलची, बोलायला फटकळ. तिचं स्वतःचं एम-वन एकदा राहिलं होतं, केटी लागली होती. त्या वर्षी पहिल्या टेस्टनंतर ती मेसमध्ये जेवणानंतर फळा घेऊन बसायला लागली. रोज पाऊण तास, फक्त मॅट्रिक्स आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह. पहिल्या दिवशी चार मुली आल्या, महिन्याने तीसच्या वर. ती चुकली की स्वतःच पुसायची आणि म्हणायची, "इथेच माझे मार्क गेले होते." त्या मुलींना तिने कधी सांगितलं नाही की मला काय म्हणा. त्या तिला ताई म्हणायला लागल्या. गीझरचा फ्यूज उडाला की तिला हाक, घरून फोन आला आणि रडू आलं की तिच्या खोलीत. मी रेक्टर होते, पण मध्यरात्री माझं दार वाजायच्या आधी तिचं वाजायचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. होस्टेल तसंच चालायला हवं.

इथे माझी एक मोठी चूक सांगते, कारण तुझ्या रेक्टरही ती करण्याची शक्यता आहे. एका वर्षी तक्रार आल्यावर मी फार कडक झाले. पहिल्या वर्षाच्या मुलींचा मजला वेगळा केला, मधलं दार कुलूप लावून बंद केलं, सिनियर-ज्युनियर एकत्र दिसले की नावं लिहून घ्यायला सांगितलं. नव्या मुलींची राहण्याची व्यवस्था वेगळी असावी हे बरोबरच आहे, आणि पहिले काही आठवडे रात्रीच्या फेऱ्या हव्यातच. पण मी ओळखीचा रस्ताच बंद केला. इंट्रो थांबली नाही. ती गावातल्या एका मुलीच्या भाड्याच्या खोलीत गेली, जिथे ना वॉचमन होता ना मी. आणि मजल्यावरच्या नव्या मुलींना जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, कशी लिहायची, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, काय विचारतात, हे सांगणारं कोणी उरलं नाही. नव्या मुलींना जुन्या मुली लागतात, आणि जुन्यांनाही आपण आता जुन्या झालो, आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, हे कुठेतरी वापरायचं असतं. ही गरज खरी आहे. इंट्रो तिच्यावरच जगते. म्हणून नुसतं 'बंद करा' म्हणून भागत नाही, त्या जागी काहीतरी ठेवावं लागतं.

आता शुक्रवार.

तुझ्या बॅचमध्ये तीस मुली असतील तर इंट्रो मनापासून हवी असलेल्या चार-पाच असतील, असा माझा अनुभव आहे. समितीत आम्ही प्रत्येकीचा जबाब वेगवेगळा घ्यायचो. एकामागून एक मुली आत यायच्या आणि तेच वाक्य म्हणायच्या: "मॅडम, मला आवडत नव्हतं, पण सगळ्या जात होत्या." एकदा ओळीने अकरा जणींनी हे म्हटलं. अकरा जणी एकमेकींकडे बघून गेल्या होत्या. तुझ्याही बॅचमध्ये अशा मुली आहेत, आणि त्यांनाही वाटतंय की फक्त आपल्यालाच नको आहे.

तेव्हा ग्रुपवर काही लिहू नकोस. तिथे पहिला मेसेज येईल तो टिंगलीचा, आणि मग बाकीच्या गप्प बसतील. दोन मुली निवड, ज्या गेल्या वर्षी इंट्रोनंतर तुझ्याजवळ काहीतरी बोलल्या होत्या. त्यांना वेगवेगळं गाठ, चहाला ने. रॅगिंग वाईट असतं वगैरे सांगू नकोस, ते त्यांना माहीत आहे. एवढंच म्हण: "मी शुक्रवारी येत नाही. तू?" आणि थांब. त्या दोघींपैकी एक जरी 'मीही येत नाही' म्हणाली तरी तुमच्या तीसजणींच्या 'सगळ्या' राहिल्या नाहीत. तिघी झालात की रूममेटशी बोल, तिघींनी मिळून बोला, आणि हातात पर्याय घेऊन बोला.

पर्याय आमच्याकडे जो चालला तो सांगते. तुमच्याकडे खोल्या, वेळा वेगळ्या असतील, त्याप्रमाणे बदल. रविवारी दुपारी चहाच्या वेळी, मेसमध्ये, दिवे लावलेले, दारं उघडी. गोल बसायचं, कोणी उभं राहायचं नाही. ओळख आधी सिनियर करून देतात. नाव, शाखा, आणि पहिल्या वर्षी आपल्याला काय जमलं नव्हतं ती एक गोष्ट. कुणी म्हणेल दोन महिने रोज घरी जायचं म्हणून रडले, कुणी म्हणेल पहिल्या टेस्टला वीसपैकी चार. हा भाग वगळू नका, सगळी किमया यातच आहे. ज्युनियरने फक्त नाव आणि तिला काय म्हणून हाक मारलेली आवडते ते सांगायचं. गाणं म्हणायचं असेल तिने म्हणावं, कोणी आग्रह करू नये. मग चिठ्ठ्या टाकून प्रत्येक सिनियरला दोन ज्युनियर जोडून द्यायच्या. पहिले सहा आठवडे त्या दोघी जेवतात का, शनिवारी-रविवारी घरी पळत नाहीत ना, जर्नल पूर्ण आहे का, एवढं त्या सिनियरने बघायचं. काम दिलं की सिनियरपण आपोआप येतं. ज्या चार-पाच जणींना इंट्रो हवी असते त्यांनाच यात पुढे करा. पुढाकाराची हौस त्यांना आहे, म्हणून तर त्या तिकडे गेल्या.

व्हॉट्सॲपचंही बघा. 'ज्युनियर्स' नावाचा ग्रुप काढून रात्री हुकूम सोडायचे, 'उद्या सगळ्यांनी अमुक रंगाचे कपडे घालून या' वगैरे, हे हल्ली फार चालतं. यूजीसीने २०२५ मध्ये कॉलेजांना स्पष्ट कळवलं आहे की अशा ग्रुपवरून ज्युनियरना त्रास देणं हेही रॅगिंग धरलं जाईल. आणि ग्रुपवर लिहिलेलं पुसलं तरी कुणाच्या तरी फोनमध्ये स्क्रीनशॉट असतोच.

तरीही त्यांनी शुक्रवारी इंट्रो घ्यायचं ठरवलंच, तर? तुझ्या मनात येईल की मी जाऊन कोपऱ्यात बसते, कुणी मर्यादा सोडली तर अडवते. चांगल्या मुली हेच करतात, आणि मी तुला कळकळीने सांगते की असं करू नकोस. खोलीतल्या ज्युनियरला तू कोपऱ्यात का बसली आहेस ते कळत नाही. तिला फक्त आणखी एक सिनियर दिसते. शिवाय यूजीसीच्या नियमांत करणाऱ्याबरोबर साथ देणारेही येतात, आणि नेमकं कुणी केलं ते ठरवता आलं नाही तर सगळ्यांना मिळून शिक्षा करण्याची तरतूद आहे. तू आणि तुझ्या आईवडिलांनी दरवर्षी प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी शपथपत्र भरून दिलेलं असतं. त्यावर सही केली तेव्हा बहुतेक कोणी ते वाचत नाही. आता वाच.

रेक्टरना सांगायचं का? मला वाटतं, सांगायचं, पण सांगण्याची पद्धत तुझ्या हातात आहे. कुणाचं नाव घेण्याची गरज नाही. "मॅडम, या आठवड्यात, विशेष करून शुक्रवारी, अकराच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावर फेरी मारा" एवढं वाक्य पुरतं. मला अशी वाक्यं बऱ्याचदा मिळाली, कधी दाराखालून चिठ्ठी म्हणून. मी फेरी मारायचे, दार वाजवायचे, "झोपा गं आता" म्हणायचे आणि तिथेच बाकावर वाचत बसायचे. काही घडायच्या आत थांबलं की कुणाचंच वर्ष जात नाही, तुझ्या मैत्रिणींचंही. हे त्यांच्यावर केलेले उपकार आहेत, चुगली नाही.

तुमच्या रेक्टर कशा आहेत यावर मात्र खूप अवलंबून आहे. काहीजणी म्हणतात, "थोडंफार चालायचंच, आम्हीही सोसलं." तसं असेल तर समितीतल्या दुसऱ्या शिक्षकांकडे किंवा थेट प्राचार्यांकडे जा. कायद्याप्रमाणे तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि त्यांनी टाळाटाळ केली तर तो त्यांचाही गुन्हा ठरतो. 'लेखी तक्रार देते' म्हटल्यावर आवाज बदललेले मी पाहिले आहेत. कॉलेजात कुणावरच भरवसा नसेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, चोवीस तास. तक्रार त्रास झालेल्या मुलीनेच करावी असं नाही, पाहणाऱ्याने केली तरी चालते. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सिनियरांच्या मारहाणीनंतर मरण पावला, त्यानंतर ही हेल्पलाइन आणि आजचे नियम आले.

काही गोष्टींना मात्र पर्याय, चहा, दोन मैत्रिणी यातलं काही लागू नाही. कपडे काढायला लावणं, अंगाला हात, फोन काढून घेणं, व्हिडिओ काढणं, पैसे मागणं, रात्र-रात्र झोपू न देणं, जातीवरून किंवा धर्मावरून बोलणं. यातलं काही दिसलं किंवा ऐकलं तर त्याच रात्री सांग, नाव घेऊन सांग. आणि एखादी ज्युनियर अचानक गप्प झाली, जेवायला येईना, 'मला नको झालंय' असं बोलली, तर तिला एकटी सोडू नकोस. तिच्याजवळ बस, मोठ्या माणसाला बोलाव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये घालून ठेव, तिथे मराठीत बोलता येतं.

रूममेटची रांगेबद्दलची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. उद्धट ज्युनियर असतात. जी रांग मोडते तिला त्याच वेळी, सगळ्यांसमोर ओरडू नका. जेवण झाल्यावर एकटीला गाठून एक वाक्य सांगा: "इथे रांग सगळ्यांना सारखी आहे, मलासुद्धा." दहापैकी आठ जणींना तेवढं पुरतं. उरलेल्या दोघींसाठी मेस कमिटी आहे. आणि एखादी ज्युनियर तुला अगं-तुगं करते म्हणून रागावू नकोस. तुमच्यात एका वर्षाचं अंतर आहे. सहा महिन्यांनी तिने तुला स्वतःहून ताई म्हटलं तर त्याचा आनंद वेगळा असतो. आणि नाव घेऊन हाक मारत राहिली, पण पेपरच्या आदल्या रात्री वही घेऊन तुझ्याच खोलीत आली, तरी तुला तुझं उत्तर मिळालं.

आता ते न लिहिलेलं. बॅच तुला वेगळं टाकेल का? काही दिवस टाकतील, कदाचित. तसं होणार नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. माझ्या होस्टेलमध्ये एका मुलीने असंच जायला नकार दिला होता. तीन आठवडे तिच्याशी मजल्यावर कोणी बोललं नाही, ग्रुपमधून काढलं, वाढदिवसाला बोलावलं नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, मी माफी मागू का? मी म्हटलं, सबमिशनपर्यंत थांब. सबमिशनच्या आठवड्यात जर्नल तपासून घ्यायला, प्रिंट काढायला, एकमेकींची ग्राफशीट आणायला सगळ्यांना सगळ्या लागतात. पहिली मुलगी तिच्या खोलीत आली ती स्टेपलर मागायला. मग दुसरी आली. त्या तीन आठवड्यांत तिच्याबरोबर जेवायला बसत होत्या दोन पहिल्या वर्षाच्या मुली, आणि आपण का बसतोय हे त्यांना नीट माहीत होतं.

तुझ्यासाठी ते तीन आठवडे असतील, की दोन दिवस, की काहीच नाही, हे त्या दोन मैत्रिणींवर ठरेल. म्हणून त्यांना आजच गाठ. उद्यावर टाकलंस तर शुक्रवार जवळ येईल आणि सगळ्यांचेच शब्द कडक होतील. त्या काय म्हणाल्या ते मला लिहून कळव. दोघीही 'आम्ही जाणार' म्हणाल्या तरी लिही, मग रेक्टरना काय आणि कसं सांगायचं ते आपण नीट ठरवू.